फैजाबादचे मौलवी अहमदुल्लाह शाह



१८५७ च्या स्वातंत्र्यसमराचा विषय निघाला की झाशीची राणी, नानासाहेब, तात्या टोपे, बहादूरशहा जफर ही नावे तुमच्या ओठांवर सहज येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु ज्यांच्यापाशी राज्य नव्हते, जहागीर नव्हती, वाडवडिलांची फौज नव्हती आणि तरीही ज्यांच्यासाठी इंग्रज सरकारला ५०,००० रुपयांचे इनाम जाहीर करावे लागले, असे एक मौलवी त्या समरात होऊन गेले. त्यांची ओळख तुमच्यापैकी किती जणांना आहे? मौलवी अहमदुल्लाह शाह हे त्यांचे नाव. ज्या फैजाबादच्या नावाने ते ओळखले जातात, त्या गावचे ते मूळचे नव्हते. त्यांचे घराणे दूर दक्षिणेतले, मद्रासकडचे. तरुणपणीच घर सोडून ते देशभर फिरले, विद्वानांच्या व सूफी संतांच्या सहवासात राहिले. ग्वाल्हेरचे मेहराब शाह हे त्यांचे पीर. आग्र्यास त्यांचा बराच मुक्काम होता. त्यांची स्वारी निघे तेव्हा पुढे डंका वाजत असे, म्हणून लोक त्यांना डंका शाह म्हणू लागले.

आता त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्या. फेब्रुवारी १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने अवधचे राज्य खालसा केले. नवाब वाजिद अली शाह यांना कलकत्त्यास जावे लागले. दरबारावर पोट असलेले हजारो शिपाई आणि कारागीर उघड्यावर पडले, तालुकदारांच्या जमिनींवर गदा आली. कंपनीच्या बंगाल फौजेतील पुष्कळसे शिपाई याच अवधच्या खेड्यांतले होते. त्यामुळे घराघरांतला असंतोष छावण्यांतही पोहोचला.

अशा वेळी मौलवी लखनौहून फैजाबादेस आले आणि परकीय सत्तेविरुद्ध उघडपणे बोलू लागले. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांच्यावर सैन्य धाडण्यात आले. चकमक झाली, ते जखमी झाले आणि कैदेत पडले. ध्यानात ठेवा, मीरतचा उठाव १० मे १८५७ चा. म्हणजे मीरतच्या आधी तीन महिने हा माणूस गजाआड गेला होता!

८ जून १८५७ रोजी फैजाबादच्या पलटणींनी बंड केले, मौलवींना मुक्त केले आणि त्यांनाच आपले पुढारी मानले. त्या पलटणींत हिंदू शिपायांची संख्या मोठी होती. तरीही त्यांनी एका मौलवीला पुढारी मानले, याचा विचार तुम्ही अवश्य करा. ३० जून रोजी लखनौजवळ चिनहट येथे लढाई झाली. तीत सर हेन्री लॉरेन्सच्या इंग्रज सैन्याचा पराभव होऊन त्याला लखनौच्या रेसिडेन्सीचा आसरा घ्यावा लागला. या लढाईत मौलवी आघाडीवर होते.

पुढे बेगम हजरत महल यांचा अल्पवयीन पुत्र बिरजीस कद्र याला गादीवर बसवण्यात आले. परंतु येथेच एक दुखणे सुरू झाले. दरबारातील मंडळी आणि मौलवींचे अनुयायी यांचे पटेना. प्रसंगी आपसांतच चकमकी उडाल्या. शत्रू दाराशी असताना मानपानाचा आणि अधिकाराचा वाद चालू राहिला. तशाही स्थितीत मौलवींनी लखनौबाहेर आलमबाग येथे ठाण मांडून बसलेल्या जनरल औट्रमवर पुन्हा पुन्हा हल्ले चढवले. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले. शहर सोडणाऱ्यांत मौलवी अगदी शेवटचे होते.

पण लढाई त्यांनी सोडली नाही. ते शहाजहानपूरकडे वळले. आपले नानासाहेब पेशवेही त्या दिवसांत त्याच मुलखात होते. सर कॉलिन कॅम्पबेल थोडी शिबंदी मागे ठेवून बरेलीकडे जाताच, मे १८५८ च्या पहिल्या आठवड्यात मौलवींनी शहाजहानपूर ताब्यात घेतले आणि त्या शिबंदीला वेढा घातला. कॅम्पबेलला बरेलीहून परत फिरावे लागले. तो आला, तोवर त्याला चकवून मौलवी पुन्हा अवधच्या हद्दीत निसटले.

जे काम सेनापतींना साधले नाही, ते अखेर इनामाने साधले. ५ जून १८५८ रोजी मौलवी पोवायांच्या राजाकडे मदत मागण्यासाठी गेले. गढीचे दरवाजे बंद होते. वाटाघाटी करूनही ते उघडेनात, तेव्हा मौलवींनी आपला हत्ती दरवाजावर घातला. राजा जगन्नाथ सिंह याच्या भावाने वरून गोळी झाडली आणि मौलवी ठार झाले. त्यांचे शिर कापून, कापडात गुंडाळून शहाजहानपूरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटकडे नेण्यात आले. शहरच्या कोतवालीवर ते लोकांना दिसेल असे टांगले गेले. राजाला ५०,००० रुपये मिळाले.

वाचकहो, मौलवींशी झुंजलेल्या इंग्रजांच्या बाजूच्या इतिहासकारांनीही पुढे कबूल केले, की हा माणूस शूर होता, रणांगणावर समोरासमोर लढला आणि निःशस्त्र माणसांच्या हत्येचा डाग त्याने आपल्या तलवारीला लागू दिला नाही. ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्यांनी दिलेली ही ग्वाही आहे.

मुलांनो, या चरित्रातून काय घ्यायचे? मौलवींपाशी होती ती विद्या, वाणी आणि स्वच्छ वर्तन. एवढ्या भांडवलावर एक परगावचा माणूस हजारोंचा पुढारी झाला. म्हणून विद्येला कमी लेखू नका. आणि पालकहो, दुसरी गोष्ट आपण मोठ्यांनी घ्यायची आहे. लखनौच्या दरबारातला रुसवा आणि पोवायांचा बंद दरवाजा या दोन्हींनी जे नुकसान केले, ते इंग्रजांच्या तोफांनी केलेल्या नुकसानीहून कमी नव्हते. शाळेसाठी, मोहल्ल्यासाठी कोणी तळमळीने मदत मागत दारी आला, तर आपला दरवाजा उघडा असतो का, हे ज्याचे त्याने तपासावे.

आज घरी गेल्यावर मुलांसह नकाशा उघडा. फैजाबाद जिल्ह्याचे नाव २०१८ मध्ये अयोध्या झाले आहे, तेथून आरंभ करा. मग लखनौ, शहाजहानपूर आणि शेवटी पोवायां शोधा. बोटाने ती वाट काढताना मौलवी अहमदुल्लाह शाह यांची हकीकत मुलांना सांगा आणि मग त्यांच्याच तोंडून ती पुन्हा ऐका.