जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन

चालताबोलता माणूस एकाएकी कोसळतो, त्याचे हातपाय झटके देऊ लागतात आणि शुद्ध हरपते. थोड्या वेळाने तो पुन्हा सावध होतो. हा विकार म्हणजे अपस्मार किंवा फेपरे. तो लहान मुलांनाही होतो. हे दृश्य पाहून लोक भूतबाधेचा किंवा देवाच्या कोपाचा तर्क करीत. आपल्याकडे रोग्याच्या नाकाशी कांदा अथवा वहाण धरण्याची चाल पडली. कित्येक निरपराध बालकांना आजाराबरोबर लोकांचा तिटकाराही सोसावा लागे. या विकाराचे मूळ मेंदूत शोधणाऱ्या थोर वैद्यांपैकी एक म्हणजे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १८३५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. आईचे छत्र त्यांच्या बालपणीच हरपले. शालेय शिक्षणही बेताचेच झाले. यॉर्क शहरी एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी वैद्यकाचे पहिले धडे गिरविले. १८५९ साली ते लंडनला आले. वैद्यक सोडून तत्त्वज्ञानाकडे वळावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. परंतु जोनाथन हचिन्सन या स्नेह्याने त्यांना त्यापासून परावृत्त केले. १८६२ साली क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली.

क्ष-किरणांचा शोध त्या वेळी लागलेला नव्हता. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावणार कसे? जॅक्सन यांच्यापाशी एकच साधन होते, ते म्हणजे निरीक्षण. झटका कोठे सुरू होतो आणि कोणत्या वाटेने पुढे सरकतो, हे ते बारकाईने पाहत व टिपून ठेवीत. काही रोग्यांत तो हाताच्या अंगठ्यापासून निघून मनगट, दंड, चेहरा असा क्रमाक्रमाने पसरे. यावरून त्यांनी अनुमान केले, की मेंदूत निरनिराळ्या अवयवांच्या हालचालींची स्थाने ठरलेली असली पाहिजेत. तेथे एकाएकी अतिरिक्त शक्ती उसळली, की फेपरे येते. १८७० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून विरुद्ध बाजूचे स्नायू हलतात, असे दाखविले. अनुमानाला प्रयोगाची जोड मिळाली!

दैवाने मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. त्यांची पत्नी एलिझाबेथ हिच्या मेंदूतील रक्तवाहिनीत रक्त गोठले. ज्या झटक्यांचा त्यांनी आजन्म अभ्यास केला, तसलेच झटके तिलाही येऊ लागले. १८७६ साली ती निवर्तली. त्यांना मूलबाळ नव्हते. तरीही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. १८७८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ब्रेन’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे १८८६ साली त्यांच्याच रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्ले यांनी अपस्माराच्या रोग्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. ७ ऑक्टोबर १९११ रोजी जॅक्सन यांचे देहावसान झाले.

आज बहुसंख्य रोग्यांचे झटके औषधांनी आटोक्यात राहतात. मुलांनो, तुमच्या एखाद्या सोबत्याला फेपरे आले, तर घाबरून दूर पळू नका. आसपासच्या टणक वस्तू बाजूला सारा, त्याला एका कुशीवर वळवा, त्याच्या तोंडात काहीही घालू नका आणि मोठ्या माणसांना हाक मारा. तो सावध झाला, की पूर्वीच्याच स्नेहाने त्याला आपल्या शेजारी बसवून घ्या.