बंदरावरचा कायदा आणि मांडवीचा डॉक्टर

सौंदडहून समुद्र शेकडो मैल दूर आहे. आगगाडीचा रूळ आणि मुंबई-कलकत्ता महामार्ग यांच्या वाटेवरील या गावात बंदर, जहाज, गोदी हे शब्द शाळेच्या भूगोलापुरतेच राहतात. बंदरावरील रोगनियंत्रणाच्या कायद्याशी आपला काय संबंध, असे येथील वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण २०२० साली याच महामार्गाने मजुरांचे तांडे डोक्यावर बोचकी घेऊन छत्तीसगडकडे पायी निघाले, तेव्हा त्यांना ज्या कायद्याच्या आधारे थांबवले व तपासले जात होते, तो कायदा १८९७ सालचा होता आणि त्याचा जन्म मुंबई बंदराच्या धास्तीतून झाला होता. त्या जन्मकथेच्या आरंभी एक गोमंतकीय डॉक्टर उभा आहे. त्याचे नाव अकासियो गॅब्रिएल व्हिएगस.

व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली वस्ती. धान्याची कोठारे, दाटीच्या चाळी, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे. जहाजातून उतरलेला माल प्रथम येथेच येई, आणि मालाबरोबर उंदीरही.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले. रोगाचे जंतू त्याच वर्षी तेथे सापडले. पण तो पसरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्ये जहाजांची नित्य ये-जा होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीतील रुग्णांना तपासताना व्हिएगस यांना तीव्र ताप आणि ग्रंथींची सूज ही लक्षणे दिसली. हा साधा ताप नव्हे, प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले व २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ते मांडले.

आज हे सांगणे सोपे वाटते. त्या दिवशी ते नव्हते. मुंबईचे सारे वैभव बंदरावर उभे होते. प्लेग हा शब्द उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापूस व धान्य गोदीत पडून राहणार, हे प्रत्येक व्यापारी जाणून होता. निदानावर शंका घेतल्या गेल्या. पुढे हाफकिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते खरे ठरवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तोवर लाखो माणसे शहर सोडून निघून गेली होती, आणि त्यांच्याबरोबर रोग आगगाडीने देशभर पोहोचू लागला होता.

व्यापाऱ्यांची भीती खरीच ठरली. युरोपातील राष्ट्रांनी दबाव आणला, मुंबईहून निघणाऱ्या हज यात्रेला मनाई झाली, आणि १८९७ च्या आरंभी केवळ प्लेगच्या प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच काळात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. जहाजांची तपासणी, प्रवाशांना रोखून धरणे, आज्ञाभंगाला शिक्षा आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, एवढा त्याचा पसारा. नागरिकाला कारण सांगावे, त्याला दाद मागता यावी, याची तरतूद त्यात नव्हती. पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याची परिणती कशात झाली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

आणि एवढे करूनही हे सारे शोधत होते ते माणसांत. प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. म्हणजे उताऱ्यांच्या काखा-जांघा तपासल्या जात असताना खरा वाहक दोरखंडावरून निवांत धक्क्यावर उतरत होता! पुढे जहाजांच्या दोरांना उंदीर अडवणाऱ्या चकत्या लागल्या, जहाज उंदीरमुक्त असल्याचा दाखला सक्तीचा झाला. पण तोवर फार उशीर झाला होता. या साथीने पुढील दशकांत हिंदुस्थानात कोटीहून अधिक बळी घेतले.

व्हिएगस मात्र शहरातच राहिले. रुग्णसेवा आणि महापालिकेचे काम त्यांनी सोडले नाही. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. ज्या संस्थेपुढे त्यांनी अप्रिय सत्य मांडले, तिनेच दहा वर्षांनी त्यांना हा मान दिला. १९३३ साली ते निवर्तले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्या शेजारून रोज हजारो माणसे जातात, पण पुतळा कोणाचा हे किती जणांना सांगता येईल?

या चरित्राचा बोध कायदेपंडितांनीही लक्षात घ्यावा असा आहे. साथीविरुद्धचा पहिला पहारेकरी बंदरावरचा अधिकारी नसतो. गल्लीतील रुग्णाच्या उशाशी बसलेला माणूस तो असतो. त्याने खरे बोलावे आणि सत्तेने ते ऐकावे, एवढ्यावर पुढचे सारे कायदे अवलंबून असतात. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी रोगाची माहिती चोवीस तासांत कळवण्याचे बंधन घातले आणि व्यापाराला विनाकारण अडथळा होऊ नये असेही बजावले. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत. कारण खरे बोलण्याची शिक्षा नाकेबंदी असेल, तर रोग लपवण्याकडेच कल राहील. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ला अजामीनपात्र ठरवला आणि जहाजांबरोबर बस, आगगाडी व विमान यांच्या तपासणीचे अधिकारही केंद्राला दिले. बंदरावरचा कायदा असा सौंदडच्या फलाटापर्यंत येऊन पोहोचला.

तेव्हा प्रश्न उरतो तो आपल्यापुरता. उद्या एखाद्या आशा सेविकेने वा प्राथमिक केंद्रातील डॉक्टरने गावात अनोळखी ताप असल्याचे कळवले, तर बाजार बंद पडेल, गावाची बदनामी होईल, म्हणून आपण तिला गप्प बसवणार की तिच्या पाठीशी उभे राहणार? पुतळे उभारणे सोपे आहे. व्हिएगस यांचे खरे स्मारक या प्रश्नाच्या उत्तरात आहे.