एका नजरेवरून ग्रंथाचं वय काढणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित कोण होते?

कार्तिक महिन्यात अंधार पडू लागला की अक्कलकुव्यातल्या एखाद्या गच्चीवर जा आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. थोड्या वेळाने सहा-सात बारीक ताऱ्यांचा झुबका वर येईल. त्या कृत्तिका. पण त्या बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. सुमारे 26 अंश उत्तरेकडे सरकून, सातपुड्याच्या अंगाने वर येतात. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश आकाश झाकते, म्हणजे हा अडीच मुठींचा फरक झाला.

शतपथ ब्राह्मण मात्र सांगतं की बाकीची नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत.

मग चूक कोणाच्या डोळ्यांची?

कोणाच्याच नाही, असं उत्तर दिलं एका शाळामास्तराने. शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म 1853, दापोलीजवळचं मुरूड. कॉलेजची पदवी नाही. शिक्षक म्हणून रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या झाल्या. धुळ्याच्या नोकरीमुळे खानदेशचं आकाशही त्यांनी पाहिलेलं. गणित आणि संस्कृत दोन्ही पक्कं, आणि ही जोडी तेव्हाही दुर्मीळच होती.

त्या काळी महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञांच्या 1520 सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून केली जात. गणित जुनं झालेलं, त्यामुळे पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची जागा जुळेना. खरं कोणाचं मानायचं, पोथीचं की डोळ्यांचं? या वादात दीक्षित सायन पंचांगाच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास सूर्य उत्तरेकडे वळताना दिसतो, सावली मोजणाऱ्या कोणालाही ते कळतं, मग मकरसंक्रांत जानेवारीत का, असा तो साधा प्रश्न होता. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. संक्रांत अजून जानेवारीतच आहे.

पण कृत्तिकांच्या बाबतीत त्यांनी उलट्या बाजूने विचार केला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरा सुमारे 26 हजार वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांची उगवायची जागा हळूहळू सरकते. ज्याने ते वाक्य रचलं त्याने खरंच तसं पाहिलं असेल, तर कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत होत्या ते गणिताने काढता येतं. उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे 3000. हा लेख 1895 मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. दोनच वर्षं आधी टिळकांचं ‘ओरायन’ आलं होतं, त्यामुळे विषय तापलेलाच होता.

सगळा डोलारा उभा आहे तो कोणा अनामिकाच्या नुसत्या नजरेवर. ती नजर किती भरवशाची? इथे खरी मेख आहे. कुरुक्षेत्राच्या आसपासच्या अक्षांशावर दिशा ओळखण्यात एका अंशाची चूक झाली, तर काळात सुमारे दीडशे वर्षांचा फरक पडतो. अर्ध्या मुठीची चूक झाली तर साताठशे वर्षांचा.

शिवाय अंधुक तारे क्षितिजावर दिसतच नाहीत. धूळ आणि दाट हवा त्यांना गिळते. डोळ्यांना कृत्तिका दिसतात तेव्हा त्या काही अंश वर चढलेल्या असतात, आणि चढता चढता दक्षिणेकडे कललेल्या असतात. पाच अंश वर आल्यावर त्या नेमक्या पूर्वेला दिसल्या असं धरलं, तर काळ चारेकशे वर्षं अलीकडे येतो. क्षितिजावर डोंगर असेल तर आणखी घोळ.

काही अभ्यासकांचा आक्षेप तर याच्याही मुळावर आहे. त्यांच्या मते ते वाक्य मोजमाप नाहीच. कृत्तिका पूर्वेच्या बाजूला उगवतात, एवढाच त्याचा ढोबळ अर्थ. मग बाकीची नक्षत्रं ढळतात असं वेगळं का सांगितलं, हा दीक्षितांच्या बाजूचा मुद्दा, आणि तो सहज उडवून लावता येत नाही. तरीही त्यावरून वर्ष ठरवणं धाडसाचंच. सगळ्या ग्रंथाचं वय एका वाक्यावरून ठरवणं त्याहून धाडसाचं, कारण जुनं निरीक्षण नव्या ग्रंथात तोंडी परंपरेने उतरू शकतं.

1896 मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्यासोबतचा ‘इंडियन कॅलेंडर’ही आला. शिलालेखातल्या तिथीची इंग्रजी तारीख काढायला इतिहासकारांनी तो पुढे वर्षानुवर्षं वापरला. एप्रिल 1898 मध्ये दीक्षित गेले, तेव्हा त्यांचं वय होतं 44. कृत्तिकांचा वाद अजून मिटलेला नाही.