डिग्री अडली आणि सरकार धावलं!

समजा, एका अफवेपायी विद्यापीठाने तुमची मास्टर्सची डिग्री अडवून धरली आणि मग थेट राणीच्या मंत्र्यांचं पत्र आलं, की या मुलाला पदवी द्या. सिनेमात शोभेल ना? १५८७ मध्ये केंब्रिजला ख्रिस्तोफर मार्लोच्या बाबतीत हे खरंच घडलं. वय २३, म्हणजे जवळपास तुमच्या-माझ्याएवढंच.

मार्लो कँटरबरीचा. वडील जोडे बनवायचे, पोरगा स्कॉलरशिपवर शिकला. तेव्हा इंग्लंड प्रोटेस्टंट होतं आणि पोपने एलिझाबेथ राणीला धर्माबाहेर काढलं होतं. त्यामुळे प्रत्येक कॅथलिकावर संशय. इंग्रज कॅथलिक तरुण फ्रान्समधल्या रीम्सला जाऊन धर्मगुरू व्हायचे आणि चोरून मायदेशी परतायचे. पकडले गेले, तर मृत्युदंड. मार्लोही तिकडेच चाललाय, अशी कुजबुज होती. पत्राने ती खोडून काढली आणि त्याने राणीची चांगली सेवा केल्याचं सांगितलं. कसली सेवा, ते मात्र लिहिलं नाही. तो सरकारचा हेर असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

डिग्री मिळाली. मग लंडनमध्ये ‘टॅम्बरलेन’, ‘डॉक्टर फॉस्टस’ अशी नाटकं तुफान गाजली. पण मे १५९३ मध्ये, नास्तिकतेच्या आरोपांचं वारं असताना, त्याच्या नावाने वॉरंट निघालं आणि रोज हजेरी लावण्याचा हुकूम झाला.

३० मे. डेप्टफर्डमध्ये एलिनॉर बुल या बाईंच्या घरी मार्लो आणि तिघे जण दिवसभर बसले होते. त्यातला रॉबर्ट पोली राणीविरुद्धचा कॅथलिक कट उघडकीला आणणारा हेर. संध्याकाळी बिलावरून वाजलं आणि इन्ग्रम फ्रायझरचा खंजीर मार्लोच्या डोळ्याच्या वर घुसला. मार्लो जागीच गेला. वय २९. फ्रायझरने स्वसंरक्षणासाठी वार केला, असं चौकशीत ठरलं आणि महिनाभरातच त्याला राणीची माफी मिळाली.

या चौकशीचा कागद १९२५ मध्ये सापडला. तरी प्रश्न उरलाच, भांडण खरंच बिलाचं होतं का? अँथनी बर्जेसने यावर १९९३ मध्ये कादंबरी लिहिली.

एका सरकारी कागदाने मार्लोची डिग्री सोडवली, दुसऱ्याने त्याच्या मृत्यूची फाईल मिटवली. पूर्ण गोष्ट दोन्हींत नाही. शेक्सपिअर त्याच वर्षी जन्मलेला. तोही २९व्या वर्षी गेला असता, तर ‘हॅम्लेट’ लिहिलंच गेलं नसतं. मार्लोचं काय काय लिहायचं राहिलं, याचा आता तुम्हीच विचार करा.