डॉ. होमी भाभा आणि तुर्भ्याचा किरण

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत वर्तमानपत्रांतून एक बातमी आली. आंध्र प्रदेशांतील कर्नूल येथें १३ तारखेस संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या शास्त्रज्ञांनीं ३० किलोवॉट शक्तीच्या लेसर किरणानें उडतें ड्रोन जाळून पाडलें. तोफ नाहीं, गोळा नाहीं, नुसता प्रकाश! आम्हीं ती बातमी वर्गांत वाचून दाखविली, तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, ही विद्या आपल्या देशांत प्रथम कोठें आली? उत्तर देतांना आम्हांस आमच्या केशोरीपासून थेट मुंबईच्या खाडीपर्यंत आणि साठ वर्षें मागें जावें लागलें. तास संपला, पण उत्तर संपलें नाहीं. म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईस एका सुसंस्कृत पारशी घराण्यांत झाला. वडील बॅरिस्टर होते. आजोबांनीं म्हैसूर संस्थानांत शिक्षणखात्याचें प्रमुखपद भूषविलें होतें. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरांत ग्रंथ होते, चित्रें होतीं, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या, आणि या सर्वांचा मुलास मनसोक्त उपयोग घेऊं देण्याची वडिलांची तयारी होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या पायऱ्या चढून होमी १९२७ सालीं केंब्रिजला गेले.

येथें त्यांच्या आयुष्यांतील पहिला पेंच उभा राहिला. मुलानें यंत्रविद्या शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाच्या कारखान्यांत मोठें काम पाहावें, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. जागा जणूं तयारच होती. परंतु केंब्रिजमध्यें त्या वेळीं पदार्थविज्ञानाचा नवा अरुणोदय होत होता, आणि होमींचें मन यंत्रशाळेंत रमेना. १९२८ सालीं त्यांनीं वडिलांस पत्र लिहून स्पष्ट कळविलें कीं, पदार्थविज्ञान हेंच आपलें क्षेत्र असून दुसऱ्या कोणत्याही धंद्यांत आपणांस गोडी वाटणार नाहीं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचें असें पत्र आलें असतां आपण काय केलें असतें, याचा आमच्या वाचकांतील पालकांनीं क्षणभर विचार करून पाहावा. बॅरिस्टर भाभांनीं रागही केला नाहीं आणि लगेच होकारही दिला नाहीं. त्यांनीं एक अट घातली. यंत्रविद्येची परीक्षा आधीं पहिल्या वर्गांत उत्तीर्ण व्हावी. मग गणित शिकण्यासाठीं आणखी दोन वर्षांचा खर्च मिळेल. होमींनीं १९३० सालीं यंत्रविद्येंत पहिला वर्ग मिळविला आणि १९३२ सालीं गणितांतही मिळविला. या करारांत कोण हरलें, हें आम्हांस तरी सांगतां येत नाहीं. कारण पुढें अणुभट्ट्या उभारतांना ती नावडती यंत्रविद्याच त्यांच्या कामीं आली.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय विश्वकिरण हा होय. अंतराळांतून अतिसूक्ष्म व अतिवेगवान कण आपल्या वातावरणावर अहोरात्र आदळत असतात. एका कणाच्या आघातापासून दोन, दोहोंपासून चार, अशी कणांची सर कोसळते, ती कां व कशी, याचें गणित भाभा आणि हाइट्लर यांनीं १९३७ सालीं मांडलें. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचें जें गणित त्यांनीं केलें, तें आजही जगभर भाभांच्याच नांवानें ओळखलें जातें.

१९३९ सालीं ते सुट्टीसाठीं घरीं आले आणि युरोपांत महायुद्ध पेटलें. परतीची वाट बंद झाली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या देखरेखीखालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं काम पत्करलें. १९४१ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस फेलो केलें, तेव्हां ते अवघे एकतीस वर्षांचे होते. युद्ध संपल्यावर केंब्रिजची वाट पुन्हां मोकळी होणारच होती, पण तोंवर त्यांचें मन पालटलें होतें. आपल्या तरुणांस उच्च विज्ञानासाठीं परदेशीं जावें लागूं नये, अशी संस्था येथेंच निघावी, म्हणून त्यांनीं मार्च १९४४ मध्यें दोराबजी टाटा विश्वस्तनिधीस पत्र लिहिलें. त्यांतून टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालीं बंगलोर येथें जन्मास आली व त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्याच्या अर्ध्या भागांत येऊन राहिली. कुलाब्याच्या टोंकास समुद्राकांठीं तिची आजची देखणी वास्तु १९६२ सालीं पुरी झाली. इमारत बांधतांना झाडें तोडण्यास भाभांचा सक्त विरोध असे. वाढलेलीं झाडें मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा खटाटोप ते करीत. स्वतः चित्रें काढणाऱ्या माणसाची ही दृष्टि होती.

१९४८ सालीं अणुशक्ति आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ सालीं मुंबईच्या तुर्भे गांवीं डोंगर व खाडी यांच्या मधल्या जागेंत अणुशक्तीचें केंद्र सुरू झालें, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथील अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. आमच्याकडे अंगणांत मिरची वाळत घालतात. सूर्याचें ऊन साऱ्या अंगणावर पसरतें आणि मिरची हळूहळू सुकते. तेंच ऊन भिंगानें एका बिंदूवर आणलें तर कागद पेटतो. परंतु भिंगाचा तो बिंदु थोड्या अंतरावर गेला कीं विस्कटतो, कारण सूर्याच्या प्रकाशांत नाना रंगांच्या लहरी निरनिराळ्या दिशांनीं व अनियमित चालीनें येतात. जत्रेंतल्या गर्दीसारख्या म्हणा ना. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असून त्याच्या लहरी कवायतींतल्या शिपायांप्रमाणें पावलाला पाऊल जुळवून चालतात. म्हणून तो दूरवर फारसा न पसरतां जातो. याचें तत्त्व आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं सांगितलें होतें. पहिला लेसर अमेरिकेंत मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून १९६० सालीं प्रकट केला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं, म्हणजे १९६४ सालीं, तुर्भ्याच्या प्रयोगशाळेंत गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. त्याच्या साह्यानें पुढें तुर्भे व कुलाबा यांच्या मधल्या पंधरा-वीस किलोमीटर अंतरावर प्रकाशावरून संदेश पाठविण्यांत आले. हा भारतांतील पहिला लेसर. तो भाभांनीं स्वतः बनविला नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. तो बनविणारे तरुण त्यांनीं निवडले होते आणि ती प्रयोगशाळा त्यांनीं उभी केली होती. आणखी एक योग असा कीं, आमच्या महाराष्ट्रांतील बारामतीस जन्मलेले व पुण्यास इंजिनियरिंग शिकलेले कुमार पटेल यांनीं त्याच १९६४ सालीं अमेरिकेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. पोलाद कापणाऱ्या प्रबळ लेसरचा मार्ग त्या शोधानें खुला झाला. त्या काळचा तुर्भ्याचा किरण मात्र बोलण्यापुरताच होता, जाळण्याचा नव्हता.

मग भाभांस शस्त्रें नको होतीं काय? येथें चरित्रलेखक अडखळतात, आणि आम्हीही अडखळतों. १९५५ सालीं जिनिव्हा येथें अणूच्या शांततामय उपयोगासाठीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. परंतु १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें आणि ऑक्टोबर १९६४ मध्यें चीननें अणुस्फोट केला. त्याच महिन्यांत आकाशवाणीवरून भाषण करतांना भाभांनीं निःशस्त्रीकरणाची बाजू मांडली, आणि अणुबाँबला फारसा खर्च लागत नाहीं असा हिशेबही सांगितला. दोन्ही गोष्टी एकाच भाषणांत! त्यांचें अंतर्मन ओळखण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. इतकें खरें कीं, परकीयांकडून यंत्रें विकत घेऊन देशाचें रक्षण होत राहील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. १९६३ सालीं सरकारनें इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. रडार असो वा गणकयंत्र, तें येथेंच निर्माण झालें पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आकाशांतील शत्रूचें यंत्र आधीं दिसावें लागतें, मग त्याचा माग धरावा लागतो, आणि मगच त्यावर मारा करतां येतो; लेसरचें शस्त्रही याला अपवाद नाहीं. उलट त्याचा किरण कांहीं क्षण एकाच जागीं खिळवून धरावा लागतो, तेव्हां कोठें पत्रा तापून वितळतो. धुकें, धूळ व पाऊस यांनीं तो दुबळा होतो. आमच्या इकडील आषाढांत त्याचें कितपत चालेल, अशी शंका त्याच विद्यार्थ्यानें पुढें काढली. ती मुळींच चुकीची नव्हती.

२४ जानेवारी १९६६ रोजीं भाभा व्हिएन्ना येथील बैठकीस निघाले होते. त्यांचें एअर इंडियाचें विमान आल्प्स पर्वतांतील माँ ब्लां शिखरावर आदळलें. विमानांतील ११७ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. भाभा छप्पन्न वर्षांचे होते व अविवाहित होते. त्यांच्या समितीचा इलेक्ट्रॉनिक्सवरील अहवाल त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. जानेवारी १९६७ मध्यें तुर्भ्याच्या केंद्रास पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं त्यांचें नांव दिलें. त्या केंद्राच्या आवारांत आणि कुलाब्याच्या संस्थेंत, त्यांनीं जागा बदलून लावलेलीं झाडें पुढें मोठीं झालीं.