लग्नगड्यांना मुक्त करणाऱ्या गोदावरी परुळेकर

डहाणू, तलासरीच्या वारली पाड्यांमध्ये स्वातंत्र्यपूर्व काळात तुरुंगाच्या भिंतींवाचूनचा एक बंदिवास होता. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढणारा तरुण 'लग्नगडी' म्हणून त्याच्याकडे राबू लागे. पत्नीही त्याच्याबरोबर वेठीला धरली जाई. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि कर्जदार निरक्षर. त्यामुळे कर्ज फिटत नसे आणि मुलांचे बालपणही त्याच गुलामीत सरे. हा बंदिवास मोडून काढण्यात अग्रभागी होत्या कॉम्रेड गोदावरी परुळेकर.

पूर्वाश्रमीच्या गोखले असलेल्या गोदावरींचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील सुखवस्तू कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेतल्यानंतर भारत सेवक समाजात त्यांनी काम केले. पुढे पती शामराव परुळेकर यांच्यासह त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तुरुंगवासही भोगला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातील काही वारली आले. त्यांनी मांडलेली हकिकत ऐकून गोदावरीबाई थेट पाड्यांवर पोहोचल्या. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचे नाही, असा तेथे निर्धार झाला. त्यानंतर लाल बावटा घेतलेले जथे गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना मोकळे करत गेले. कायद्याने वेठबिगारी १९७६ मध्ये रद्द झाली. वारल्यांनी ती तीन दशके आधीच झुगारली होती.

या लढ्याची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. पुढे परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, तरीही संघटना टिकली.

'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी हा लढा नोंदवला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. वारल्यांची ही 'गोदाराणी' आज तलासरीतील महाविद्यालयाच्या नावात आहे. ज्या मुलांच्या वाट्याला पूर्वी जमीनदाराची गुरे आली असती, त्यांच्या हाती तेथे पुस्तके आली आहेत.