इव्हान यार्कोव्हस्की : भटक्या लघुग्रहांचं कोडं सोडवणारा इंजिनिअर

संभाजीनगरहून लोणारला सहल नेली की मुलं हमखास विचारतात, एवढं विवर पाडणारा दगड आला कुठून? अशा दगडांचा माग काढायला एका रेल्वे इंजिनिअरची कल्पना उपयोगी पडते.

यार्कोव्हस्की यांचा जन्म १८४४ चा. रशियात रेल्वेत नोकरी, फावल्या वेळात विज्ञानाचा नाद. १९०१ च्या सुमारास त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. कल्पना साधी होती. आपल्याकडे ऊन बारापेक्षा दोन-तीन वाजता जास्त भाजतं ना? तसंच स्वतःभोवती फिरणाऱ्या गोळ्याची 'दुपारनंतरची' बाजू जास्त तापते. तिथून उष्णता बाहेर पडताना गोळ्याला अगदी हलका धक्का बसतो. १९०२ मध्ये ते वारले आणि पुस्तिका विस्मरणात गेली.

पण १९०९ च्या सुमारास अर्न्स्ट एपिक नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने ती वाचली होती. पुढे तो खगोलशास्त्रज्ञ झाला. १९५१ मध्ये त्याने निव्वळ आठवणीतून ही कल्पना पुन्हा मांडली.

टकरीत फुटलेल्या लघुग्रहाचे तुकडे म्हणजे एक कुटुंब. लहान तुकडे या धक्क्याने लवकर लांब जातात. हा प्रवास गणिताने उलटा फिरवला की मूळ कुटुंब आणि त्याचं वय सापडतं. गोलेव्का हा लघुग्रह १२ वर्षांत १५ किलोमीटर सरकल्याचं २००३ मध्ये रडारने दिसलं.

वर्गातला एखादा मुलगा अभ्यासक्रमाबाहेरचं काही वाचत बसला असेल, तर त्याला वाचू द्या. त्याच्या लक्षात काय राहील, सांगता येत नाही.